सांगोल्याचे भाई

६ जुलै २०१८ या दिवशी नागपुरात असा पाऊस कोसळला की विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरले, दिवे मालवले आणि विधिमंडळाचे कामकाज स्थगित करावे लागले. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपुरास भरले होते. शहरात चेष्टेला ऊत आला. मला मात्र त्या दिवशी सभासदांच्या यादीतील एका नावाची आठवण झाली. नव्वदी ओलांडलेले ते गृहस्थ अर्धशतकाहून अधिक काळ याच सभागृहात पाणी मागत आले होते. त्यांच्या आमदारकीतील नागपूरचे ते अखेरचे अधिवेशन ठरले. कारण त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन मुंबईस गेले आणि पुढच्या वर्षी, २०१९ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, त्यांनी आपण उभे राहणार नाही असे जाहीर केले.

ते गृहस्थ म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख. १९६२ साली ते प्रथम निवडून आले आणि त्यानंतर १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ व २०१४ असे एकंदर अकरा वेळा निवडून आले. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्षही एकच, शेतकरी कामगार पक्ष. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. आपल्या त्रैमासिकात त्यांच्यावर लेख यावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल याची मला जाणीव आहे. ते ख्रिस्ती नव्हते. नागपूरचे नव्हते, सांगोला येथून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. आणि त्यांचा झेंडा लाल होता.

या तिसऱ्या मुद्द्यापासूनच आरंभ करतो, कारण आपल्या घरांतून त्याचीच अडचण अधिक असते. शेतकरी कामगार पक्षाची स्थापना १९४७ साली झाली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि त्यांनी शेतकऱ्यांचा व कष्टकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष उभारला. पुढे दाभाडी येथे जो वैचारिक मसुदा त्यांनी स्वीकारला, त्यात मार्क्सवादाचा उघड अंगीकार होता. आपल्या ख्रिस्तसभेत त्या वेळी वारे कोणते वाहत होते हे जुन्या पिढीला आठवत असेल. पोप अकरावे पायस यांनी १९३७ साली निरीश्वरवादी साम्यवादाविरुद्ध विश्वपत्र काढले होते. १९५९ साली केरळातील नंबुद्रीपाद सरकारविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यात कॅथलिक समाज अग्रभागी होता आणि ते सरकार ३१ जुलै १९५९ रोजी बडतर्फ झाले. त्या आंदोलनाच्या वार्ता नागपूरच्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांत आणि त्यांच्याकडून आपल्या सर्वांच्या घरांत पोहोचल्या. लाल झेंडा म्हणजे देवळावर येणारे संकट, असे समीकरण मनात पक्के बसले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी एक तरुण वकील लाल झेंड्याखाली मुंबईच्या विधानसभेत शिरला.

आणि त्याच सुमारास ख्रिस्तसभेनेही एक पाऊल टाकले होते. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या आपल्या शांतिविषयक विश्वपत्रात असे सांगितले की, चुकीचे तत्त्वज्ञान आणि त्यातून उगम पावलेली ऐतिहासिक चळवळ यांत भेद केला पाहिजे. तत्त्वज्ञान एकदा लिहिले गेले की ते तसेच राहते, परंतु चळवळी माणसांच्या असतात, त्या बदलतात, आणि त्यांत न्याय्य व प्रशंसनीय असे काही असू शकते. सेमिनरीत ईशज्ञानाचा अभ्यास करताना हा परिच्छेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा, माणदेशाकडे पाहताना उमगला.

माणदेश म्हणजे काय, हे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. ती कादंबरी १९५५ सालची. माण नदीच्या दोन्ही अंगांचा हा प्रदेश, आटपाडी, सांगोला, जत, माण, खटाव असा पसरलेला. पाऊस सह्याद्रीवरच रिता होऊन जातो आणि येथवर ढग येतात ते बहुधा रिकामे. मेंढरे, ज्वारी, आणि दुष्काळ पडला की स्थलांतर. विदर्भातील आपल्या वाचकांना दुष्काळ ठाऊक आहे, परंतु आपल्याकडे कापूस बुडतो तो पाऊस अवेळी पडल्याने. तिकडे मुळात पाऊसच नसतो. अशा तालुक्याचे प्रतिनिधित्व करणे म्हणजे काय, तर दर उन्हाळ्यात आपल्या माणसांना पाणी, चारा आणि काम मिळवून देण्यासाठी शासनाच्या दारी उभे राहणे.

१९६२ च्या विधानसभेत २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसच्या होत्या. शेकापच्या पंधरा. महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचे होते, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि विरोधी बाकांवरील हुशार माणसांना सरकार पक्षात सामावून घेण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. शेकापचे कितीतरी नेते त्या काळात आणि त्यानंतर काँग्रेसमध्ये गेले. ज्यांनी पक्ष स्थापन केला त्यांपैकीही काही परतले. त्यांना मी दोष देत नाही. सत्तेवाचून कामे होत नाहीत, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गणपतराव गेले नाहीत. पक्ष पंधरा जागांवरून २०१४ मध्ये तीन जागांवर आला, तरी ते होते तेथेच होते. शेकापमध्ये एकमेकांना ‘भाई’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यांनाही भाई गणपतराव म्हणत. सांगोल्याची माणसे मात्र त्यांना आबासाहेब म्हणत.

त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगाने मला सर्वाधिक विचार करावयास लावले, तो विजयाचा नाही. १९७२ च्या आरंभी झालेल्या निवडणुकीत ते पडले. दहा वर्षांची आमदारकी संपली. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ कोसळला, ज्याची आठवण काढताना आजही खेड्यांतील वृद्ध माणसे मिलो आणि सुकडी हे शब्द उच्चारतात. म्हणजे ज्या तालुक्याच्या पाण्यासाठी ते सभागृहात बोलत आले, त्या तालुक्यावर शतकातील एक मोठे संकट आले तेव्हा त्यांच्यापाशी आमदारपद नव्हते. १९७४ साली पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी त्यांना परत पाठविले. पराभवानंतर मतदारसंघ बदलणारे, पक्ष बदलणारे, विधान परिषदेची वाट धरणारे आपण पुष्कळ पाहिले. हे सांगोल्यातच राहिले.

त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकारास आली. तिचे जनक विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांनी साठीच्या दशकात तिचा छोटा प्रयोग करून पाहिला होता, आणि बहात्तरच्या संकटात ती राज्यभर पसरली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य, असे कायद्याने प्रथमच मान्य झाले. या योजनेसाठी पैसा यावा म्हणून व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्या शाळांतील शिक्षक-शिक्षिकांच्या पगारपत्रकात दरमहा जी कपात दिसते आणि जिच्याविषयी कुरकुर होते, तिचे मूळ तेथे आहे. शहरातील नोकरदाराच्या पगारातून काही रुपये जावेत आणि त्यातून कुठल्या तरी माळावर खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळावी, हा विचार सभागृहातील सर्व पक्षांनी मिळून स्वीकारला होता. १९७७ मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद गणपतरावांकडे आले होते. शासनावर टीका करणे हे ज्यांचे काम, त्यांनी चांगल्या कायद्याच्या पाठीशी उभे राहावे, हे त्या पिढीला अवघड वाटत नसे. पुढे २००५ साली संसदेने देशपातळीवर असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्यामागे होता.

आपल्या धर्मग्रामांत आपण ‘श्रमाची प्रतिष्ठा’ यावर प्रवचने देतो. पोप तेरावे लिओ यांचे १८९१ चे विश्वपत्र आम्ही धर्मगुरू मोठ्या अभिमानाने उद्धृत करतो. पण माणसाने काम मागावे आणि ते त्याला हक्काने मिळावे, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्यक्ष आली ती विधिमंडळाच्या मार्गाने, आणि ती आणणाऱ्यांत आपण फारसे नव्हतो. हे मला सांगितलेच पाहिजे.

गणपतराव दोनदा मंत्री झाले. प्रथम १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, आणि नंतर १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. या दुसऱ्या खेपेस पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. पणन म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजनाही आलीच, आणि येथे विदर्भाच्या वाचकाने भुवया उंचावणे साहजिक आहे. ही योजना १९७२ मध्ये सुरू झाली. कापूस उत्पादकाला व्यापाऱ्याच्या जाचातून सोडवावे हा तिचा उदात्त हेतू. परंतु नव्वदीच्या अखेरीस ती तोट्याच्या गाळात इतकी रुतली होती की शेतकऱ्यांचे चुकारे महिनोन्महिने थकत. आमच्या भागातील कापूस उत्पादकांच्या मनात त्या वर्षांतील शासनाबद्दल प्रेमाच्या आठवणी नाहीत आणि गणपतरावांनी त्या योजनेत काही चमत्कार घडविला असे मी म्हणणार नाही. जी व्यवस्था मोडकळीस आली होती ती त्यांच्या हाती सावरली गेली नाही. २००२ मध्ये त्यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि ते मंत्रिपद सोडून आपल्या बाकावर परतले. सत्तावन्न वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आलेली मंत्रिपदाची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माणूस मोठा होता तो मंत्री म्हणून नव्हे.

मग कशामुळे? पाण्याकडे वळतो.

१९९३ साली सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ सुरू झाली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही तिची प्रमुख नावे. आटपाडीस दरवर्षी पाणी परिषद भरू लागली. मागणी केवळ ‘आम्हांला पाणी द्या’ अशी नव्हती. कृष्णेचे पाणी टेंभू, म्हैसाळ येथून उचलून माळावर न्यावे आणि तेथे ते समन्यायी पद्धतीने, कुटुंबागणिक, भूमिहीनांचाही विचार करून वाटावे अशी होती. पाण्याला वेळेची मर्यादाही होती. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्यानुसार ३१ मे २००० पर्यंत राज्यांनी आपापल्या वाट्याचे पाणी अडविण्याची व्यवस्था करावयाची होती. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे काढले गेले, कामे सुरू झाली आणि रखडली. पुन्हा सुरू झाली. ज्या योजना नव्वदीत आखल्या त्यांचे पाणी शेवटच्या गावांपर्यंत पोहोचण्यास दोन-अडीच दशके लागली. एखादा प्रश्न लावून धरणे म्हणजे काय, ते या कालगणनेवरून समजते. पाच वर्षांच्या मुदतीत पाहणारा लोकप्रतिनिधी अशा कामाला हातच घालणार नाही, कारण पाटी लावण्याचा मान बहुधा दुसऱ्यालाच मिळतो.

त्याचबरोबर त्यांनी पाण्याची वाट पाहत हात जोडून बसू नये अशीही व्यवस्था केली. सांगोला तालुका डाळिंबाचा तालुका म्हणून ओळखला जाऊ लागला तो नव्वदीनंतर. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना राज्याने १९९० च्या सुमारास आणली आणि ज्या माळावर ज्वारीही धड येत नव्हती तेथे ठिबकच्या नळ्यांवर डाळिंब उभे राहिले. डाळिंबाला पाणी कमी लागते, आणि कोरडी हवा मानवते. दुष्काळी तालुक्याचे दुखणे तेथे भांडवल झाले. पुढे तेल्या रोगाने आणि खोडकिडीने या बागांचे फार नुकसान केले, हेही खरे. त्याखेरीज सहकारी सूतगिरणी. सांगोल्यात कापूस नाही! तरीही तेथे शेतकऱ्यांची सूतगिरणी निघाली, आणि पुढे स्त्रियांची निराळी. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ती कापसाच्या ऐन कोठारात होती आणि तिचे काय झाले ते आपण पाहिले आहे. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांच्या चुली त्या गिरणीच्या भोंग्यावर पेटत होत्या! कच्चा माल दाराशी असून गिरणी बंद पडते आणि कच्चा माल दुरून आणून गिरणी चालते, याचे उत्तर अर्थशास्त्रात थोडे आणि माणसांत अधिक शोधावे लागेल असे माझे मत आहे.

गणपतरावांच्या साधेपणाच्या गोष्टी महाराष्ट्रात पुष्कळ सांगितल्या जातात. ते एस. टी. ने प्रवास करीत ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. जुन्या एस. टी. गाड्यांत आमदारांसाठी राखीव अशी अक्षरे एका आसनापाशी रंगविलेली असत. त्या आसनावर खरोखरीचा आमदार बसलेला पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभले असेल. परंतु साधेपणाचे फार कौतुक करण्यास मी थोडा बिचकतो. आम्हा धर्मगुरूंना ठाऊक आहे की साधा झगा घालूनही अहंकार जपता येतो. एस. टी. चे महत्त्व निराळे आहे. जो माणूस सांगोल्याहून गर्दीच्या गाडीत बसतो, त्याला शेजारचा प्रवासी आपली तक्रार सांगू शकतो. त्यासाठी चिठ्ठी लागत नाही, कार्यकर्ता मध्ये लागत नाही.

या ठिकाणी नागपूरचा एक दिवस सांगणे भाग आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी आपल्या शहरात भरते. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून माणसे मोर्चे घेऊन येतात. आपण नागपूरकर त्यांना वाहतुकीची अडचण समजतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीत आपला समावेश व्हावा एवढी त्यांची मागणी. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटपाशी त्यांना अडविण्यात आले. दिवसभर ती माणसे वाट पाहत राहिली. कोणी मंत्री येऊन ऐकून घेईल अशी त्यांची अपेक्षा होती. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. विधानभवन तेथून फार लांब नाही. मी तेव्हा सेमिनरीत होतो. त्या रात्री आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, एवढेच मला आठवते. दुसऱ्या दिवशी नित्याचे वर्ग झाले.

त्या दिवशी सभागृहात असलेल्या सर्वांवरच, कोणत्याही बाकावरच्या असोत, त्या दिवसाचा भार आहे. गणपतरावही तेव्हा आमदार होते आणि त्यांना मी त्यातून वगळत नाही. परंतु त्या दिवसाने एक गोष्ट मला शिकविली. कायदे करणाऱ्याने रस्त्यावर उतरून ऐकून घेणे हा शिष्टाचाराचा भाग नाही. ते घडले नाही तर माणसे मरतात. एस. टी. तील त्या आसनाकडे मी तेव्हापासून निराळ्या दृष्टीने पाहतो.

पुढल्याच वर्षी, १९९५ च्या निवडणुकीत, ते दुसऱ्यांदा पडले. अगदी थोड्या मतांनी. वय सत्तरीकडे झुकलेले. कोणीही म्हणाले असते की आता पुरे. ते पाणी परिषदेत जात राहिले आणि १९९९ साली परत निवडून आले. पुढची वीस वर्षे सलग.

आता निवृत्तीविषयी. अधिकारावर असलेल्या माणसाने आपण होऊन खाली उतरणे ही गोष्ट आपल्या देशात दुर्मीळ आहे, आणि ख्रिस्तसभेतही फार सुलभ होती असे नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१३ साली पदत्याग केला तेव्हा सगळे जग चकित झाले होते. आपल्याच कॅथलिक समाजातील एक थोर संसदपटू, केरळचे के. एम. माणी, यांची आठवण येते. पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ अशा तेरा निवडणुका त्यांनी लढविल्या आणि तेराही जिंकल्या. गणपतरावांपेक्षा दोन अधिक, आणि पराभव एकही नाही. राज्याचे तेरा अर्थसंकल्प त्यांनी मांडले. परंतु २०१५ साली मद्यालयांच्या परवान्यांवरून झालेल्या आरोपांच्या गदारोळात त्यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले, आणि एप्रिल २०१९ मध्ये ते निवर्तले तेव्हाही ते आमदारच होते. त्यांच्या कर्तृत्वाचा मला आदर आहे. तरीही एक धर्मगुरू म्हणून माझ्या धर्मग्रामातील तरुणांपुढे कोणाचे उदाहरण ठेवू असे कोणी विचारले, तर आपल्या माणसाला मागे ठेवून लाल झेंड्याच्या माणसाचे नाव माझ्या तोंडी येईल. हे लिहिताना मला थोडा संकोच होतो, पण ते खरे आहे.

गणपतरावांची निवृत्तीही डागावाचून राहिली असे नाही. त्यांच्यामागे २०१९ साली पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभे केले. ७६८ मतांनी ते पडले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. नातवंडे गुणी असतील. मतदारांनी त्यांना स्वीकारले हेही लोकशाहीला धरून आहे. पण ज्या पक्षाने जन्मभर वतनदारीविरुद्ध लढा दिला, त्याला पन्नास वर्षांत त्या तालुक्यात घराबाहेरचा वारस तयार करता आला नाही, ही उणीव मोठ्या झाडाखालच्या सावलीची आहे. मोठी माणसे ही चूक करतात. आमच्यातील संस्थापकही करतात. (सांगोल्याचे नाव २०२२ मध्ये एका वेगळ्याच कारणाने घरोघर पोहोचले, त्या विनोदाशी या लेखाला कर्तव्य नाही.)

आपल्या समाजात या विषयाची चर्चा निघाली की ती एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. विधानसभेत आपला माणूस कोण? अँग्लो-इंडियन सदस्य नेमण्याची जी तरतूद राज्यघटनेत होती ती जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच विचारला जातो. प्रश्न गैर नाही. अल्पसंख्य समाजाला आपली गाऱ्हाणी मांडणारे कोणी असावे हे मला मान्य आहे. आम्हा धर्मगुरूंना तर कॅनन कायद्यानेच राजसत्तेतील पदे वर्ज्य आहेत. अमेरिकेत फादर रॉबर्ट ड्रायनन नावाचे जेज्विट धर्मगुरू दहा वर्षे प्रतिनिधिगृहात होते, त्यांनाही १९८० साली पोपमहोदयांच्या आदेशावरून निवडणुकीतून बाजूला व्हावे लागले. म्हणजे हे काम प्रापंचिक ख्रिस्ती बंधुभगिनींचेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आपल्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, लोकांच्या सेवेसाठी राजकीय जबाबदारीचे ओझे उचलणारांचे कार्य ख्रिस्तसभा स्तुत्य मानते. संत थॉमस मोर यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. इतके सारे असूनही आपली हुशार मुले परदेशी जातात, संगणकाकडे जातात, आणि ग्रामपंचायतीची वा महानगरपालिकेची निवडणूक आली की आपण ‘राजकारण घाणेरडे’ म्हणून दार लावून घेतो. आणि मग विचारतो, आपला माणूस कोण?

गेल्या वर्षी अधिवेशनाच्या आधीच्या रविवारी मिस्सानंतर एका सद्गृहस्थाने मला नेमके हेच विचारले. त्यांचे शब्द होते, “फादर, एकदा आपला एक आमदार झाला की बघा.” मी त्यांना गणपतरावांची हकीकत सांगितली. बेनेडिक्टच्या संघातील मठवासी आज्ञापालनाबरोबर एका मठात जन्मभर राहण्याचेही व्रत घेतात, ते मला या माणसात दिसते असेही म्हणालो. माझे हे उदाहरण त्यांना फारसे रुचले नसावे. मग मी १९७२ चा पराभव, तो दुष्काळ आणि १९७४ चे परत येणे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“म्हणजे मधली दोन वर्षे ते आमदार नव्हते?”

“नव्हते.”

“मग लोक कामे घेऊन कोणाकडे जात होते?”

मी म्हणालो, त्यांच्याकडेच जात असले पाहिजेत. एरव्ही १९७४ मध्ये त्यांनी त्यांना पुन्हा निवडून दिले नसते. त्या गृहस्थांनी मान हलविली. आमच्या वॉर्डातील पाण्याच्या नळाचा प्रश्न चार महिने पडून आहे, त्यासाठी आपण दोघे सोमवारी झोन कार्यालयात जाऊन येऊ या का, असे त्यांनी मला विचारले. सोमवारी आम्ही गेलो.